पारस्केवीचे डोळे

शुक्रवारी दहा वाजता बस येते आणि माझी सकाळ नासते. तीसचाळीस गोरी माणसं उतरतात, अंगाला कसलंसं गोडूस तेल चोपडलेलं, लांबूनही नाक धरावं लागतं. बायांच्या मांड्या उघड्या, पुरुषांच्या पायांची नखं उघडी. आधी ती देवळाकडं जातात. देऊळ म्हणजे ख्रिस्ताच्याही आधीच्या जुन्या देवीचे पडके दगड, आणि एक उभा काळा दगड. माझ्या आजीच्या काळापर्यंत बाया अंगावर दूध यावं म्हणून त्याला तेल चोळायच्या. आता लोक त्याला टेकून केळी खातात. मागे एकानं त्याला च्युइंगम चिकटवलं होतं. मी घरून सुरी आणून ते खरवडलं तेव्हा त्या परक्याची थुंकी माझ्या बोटांना लागली. तीन वेळा हात धुतले तरी वास जाईना. ती देवी आमची नव्हे, कबूल. म्हणून तिच्या अंगावर थुंकी ठेवायची का?

देवळातून ती चर्चमध्ये येतात. चर्चची चावी माझ्याकडं असायची.

सायप्रस बेटावर, पाफोसच्या पलीकडं टेकाडावर आमचं गाव. संत पारस्केवीचं चर्च सहाशे वर्षांचं, त्याची चावी वीतभर, लोखंडी, आणि आमच्या घरातल्या बायांकडं ती पाच पिढ्या आली. सासूनं मरताना पोटच्या मुलीला बाजूला सारून माझ्या मुठीत दिली. "क्रिस्तालू, तुझं तोंड वाईट आहे, पण दार वेळेवर उघडशील," म्हणाली. मी तीन यत्ता शिकलेली. त्या चावीनं मला पहिल्या बाकावर बसवलं. ईस्टरला पाद्री पहिली मेणबत्ती माझी पेटवायचा, आणि डॉक्टरची बायको माझ्यामागं उभी राहायची.

बसवाल्यांना गाव दाखवतो तो लोइझोस, माझा थोरला. साठीला आला तरी केस काळे करतो, आणि उन्हात त्या रंगाचा ओघळ कानामागून मानेवर उतरतो. त्याच हातानं तो पुसतो, त्याच हातानं भिंतीवरची संतांची चित्रं दाखवतो. मीच त्याला दूध पाजलंय, आणि मलाच बघवत नाही.

डाव्या भिंतीवर पारस्केवी उभी आहे. तिच्या हातात ताट, ताटात दोन डोळे, कारण डोळ्यांची दुखणी ती बरी करते. तिच्या स्वतःच्या तोंडावर मात्र डोळे नाहीत. तिथं चित्र खरवडून आतला चुना उघडा पडलाय. लोइझोस तिच्यासमोर थांबतो, आवाज खाली आणतो, मूठ वळून हवेत दोन वार करतो आणि म्हणतो की हे तुर्कांनी केलं. इंग्रजी मला येत नाही, पण सहा वर्षं तेच ऐकून कुठल्या शब्दाला तो कुठली भुवई उचलतो हेसुद्धा मला पाठ झालंय. मग सगळ्यांच्या तोंडून 'ओऽ' निघतं.

सहा वर्षं मी मेणबत्त्यांच्या पेटीशेजारी बसून ते ऐकलं आणि गप्प राहिले. ते डोळे मी खरवडले होते.

बोलणार कशी? आमचा पाद्री, पापा याकोवोस, भर प्रार्थनेत सांगून चुकला होता की ज्या हातानं या भिंतीला नख लावलं असेल त्या हातात चावी राहणार नाही. म्हणताना त्याची नजर त्याच्या वहिनीकडं होती. ती बाई चावीसाठी दहा वर्षं माझ्या मरणाची वाट बघतेय.

आणि गेल्या वर्षी आमच्या ईस्टरनंतरच्या दुसऱ्या शुक्रवारी पेंबे आली.

पेंबे तुर्क. आमचं गाव तेव्हा दोघांचं होतं, वरची आळी त्यांची, खालची आमची, मधे एक विहीर. बेटाचे दोन तुकडे झाल्यावर, पंचाहत्तर साली, त्यांना ट्रकात घालून उत्तरेच्या तुर्की भागात नेलं. पुढं मधली हद्द खुली झाल्यावर ती एकदा येऊन आपल्या घराचं पडलेलं छप्पर बघून गेली होती. मधे बारा वर्षं लंडनला मुलाकडं राहिली. त्या दिवशी दारात आली ती एवढीशी होऊन, डोक्याला रुमाल, एका डोळ्यात दुधाळ पडदा.

"क्रिस्तालू, अगं दार उघड. मेलीस की काय?"

"तुझ्याआधी? तेवढं सुख देत नाही मी तुला. ये आत. अगं, किती वाळलीस, कोंबडीसारखी!"

"आणि तू दोघींचं खाल्लेलं दिसतंय."

कॉफी ठेवली. तिनं पिशवीतून औषधाची रिकामी बाटली काढली. "पारस्केवीच्या दिव्यातलं तेल हवंय गं थोडं. पुढच्या महिन्यात डोळा कापणार आहेत. डॉक्टर चांगला आहे म्हणतात. तरी आधी तिला सांगितलेलं बरं."

मी घड्याळाकडं बघितलं. दहा वाजून गेले होते. "चारला जाऊ. ऊन उतरू दे."

"भाचा बारालाच निघतो म्हणतोय. खाली कॉफीच्या दुकानात बसलाय, घड्याळ बघत. चल आत्ताच."

बस देवळापाशी उभी होती. म्हटलं, तिथं अर्धा तास फोटो काढतील, तोवर आपण तेल घेऊन बाहेर पडू. पण पेंबे चालते कशी, तर पाच पावलं आणि एक सुस्कारा. त्यात विहिरीपाशी थांबून तिनं आत वाकून बघितलं. आत पाण्याच्या बाटल्या आणि लहान पोराचा लंगोट तरंगत होता.

"याचं पाणी प्यायचो आपण," ती म्हणाली.

"आता लोक त्यात लाज टाकतात. चल."

चर्चमध्ये मी दिव्यातून तेल काढलं. तिनं बाटलीत घेतलं, तिथंच बोट बुडवून पापणीला लावलं, आणि पारस्केवीच्या पायांशी बाकावर बसली. "दोन मिनिटं," म्हणाली. दोनाची दहा झाली. मी तिचा दंड धरून उठवतच होते की दारात अंधारलं आणि बसवाल्यांच्या त्या गोडूस तेलाचा वास आत आला. मागून लोइझोस.

त्यानं पेंबेला ओळखलं नाही. ती गेली तेव्हा तो चौदाचा होता. त्याला वाटलं असेल, असेल कुणीतरी म्हातारी. मी मेणबत्त्यांच्या पेटीपाशी जाऊन उभी राहिले. त्यानं चर्चचं सांगितलं, छताचं सांगितलं, मग पारस्केवीसमोर आला. आवाज खाली आणला. मूठ वळली. दोन वार केले. तुर्कांचा तो शब्द उच्चारला.

"ओऽ," सगळे म्हणाले.

एका जाड बाईनं तर पेंबेच्या खांद्यावर हात ठेवून तिला थोपटलं. गावातली गरीब बाई, तिच्या देवाचे डोळे त्या राक्षसांनी काढले, असं वाटलं असणार तिला. तिच्या काखेतून घामाचा ओघळ आला तो पेंबेच्या रुमालावर पडला.

पेंबेला लंडनचं इंग्रजी येतं. सगळं कळलं तिला. तिनं तो हात खांद्यावरून उचलून त्या बाईच्या पोटावर परत ठेवला आणि माझ्याकडं बघून आमच्या भाषेत, ग्रीकमधे म्हणाली, "काय गं क्रिस्तालू, माझ्या बापाचा हात एवढा वर पोचायचा होय? तुझ्या कमरेएवढा तर होता तो."

मी पेटीतल्या मेणबत्त्या सरळ करू लागले.

"सहा वर्षं हेच सांगतोय हा? दारावरच्या पाटीवरही तेच लिहिलंय, खाली सहा वर्षांपूर्वीचं साल. आणि तू इथंच बसतेस?"

"इथंच."

"बरंय," ती म्हणाली आणि बाटलीचं झाकण लावू लागली. दुधाळ डोळ्यामुळं तिला झाकण बसवता येईना. तीनदा घसरलं. माझी स्वतःचीच अशी किळस आली मला, जशी त्या च्युइंगमची आली होती. चावीसाठी एवढं?

"लोइझोस," मी म्हणाले, "ते खोटं आहे."

"आई, आत्ता नको. लोक आहेत."

"मग लोकांनाच सांग. ते मी खरवडलं. तू वर्षाचा होतास आणि तुझा डावा डोळा पुवानं चिकटला होता. पिवळा पू, सकाळी कापसानं ओला करून पापणी सोडवावी लागायची. माशा उठायच्या नाहीत. तेव्हा बायका हेच करायच्या, संताच्या डोळ्याचा रंग खरवडून पाण्यात कालवून पोराच्या डोळ्यात घालायचा. ही वाकून गाढवासारखी चार पायांवर उभी राहिली, आणि मी हिच्या पाठीवर चढून पावाच्या सुरीनं खरवडलं."

"कोण ही?"

"पेंबे. शेजारीण होती आपली. तिच्या अंगणातले अंजीर चोरायचास."

लोइझोसनं तिच्याकडं बघितलं आणि त्याचं तोंड लाल झालं. मागं एक म्हातारा विचारत होता, काय म्हणतात त्या, काय म्हणतात. लोइझोस त्यांच्याकडं वळून हसला आणि कपाळाशी बोट फिरवून काहीतरी म्हणाला. म्हातारी झालीय, भरकटते, एवढं तरी मला इंग्रजीतही कळतं.

"भरकटते?" मी त्याची बाही धरली. त्याच्या मानेवरचा काळा ओघळ माझ्या हाताला लागला. "बोट लाव त्या चऱ्यांवर. लाव म्हणते ना! कुठून कुठं जातात?"

त्यानं बोट लावलं. चरे डावीकडं वरून सुरू होतात आणि उजवीकडं खाली उतरतात. सगळे तसेच.

"गावात डाव्या हातानं सुरी धरणारी बाई कोण? आयुष्यभर कुणी कापलेला पाव खाल्लास?"

त्याचं बोट तिथंच राहिलं.

"पुढचं मी सांगते," पेंबे उठली. आणि त्या माणसांकडं वळून, रुमाल सारखा करून, तिनं घडाघडा इंग्रजीत सगळं सांगितलं. सुरी दाखवली, गाढव दाखवलं, माझ्याकडं बोट दाखवलं. मग मला म्हणाली, "त्या चुन्यानं पोराचा डोळा डाळिंबासारखा झाला, तेही सांगितलं मी. आणि मी तुझ्या हातातली वाटी फेकून दिली तेही."

ते खरं होतं. मी तीन दिवस चुन्याचं पाणी घातलं असतं तर लोइझोस आज एका डोळ्यानं केस रंगवत असता. पेंबेनं वाटी अंगणात भिरकावली, मला शिव्या घातल्या, कॅमोमाइलची फुलं उकळून गार करून आठवडाभर सकाळ-संध्याकाळ त्याचा डोळा धुतला. पू तिच्या बोटांना लागायचा, ती एप्रनला पुसायची. बरा झाल्यावर मी पारस्केवीपुढं नवसाचा चांदीचा डोळा टांगला. पेंबेला काही दिलं नाही. तसं सुचलंच नाही मला.

त्या लोकांना काय वाटावं? आनंद झाला! एकानं माझ्या डाव्या हाताचा फोटो काढला. ती जाड बाई रडायला लागली आणि नाक पुसलेल्या हातानं माझे गाल धरायला आली. मी मागं सरले ती मेणबत्त्यांच्या पेटीवर आदळले.

लोइझोसनं पेंबेला कारपर्यंत नेलं. तिचा हात धरून, ती थांबेल तिथं थांबत. काय बोलले ठाऊक नाही. कारच्या काचेतून ती ओरडली, "क्रिस्तालू, माझी कंबर अजून दुखते. तेव्हाही तू जडच होतीस!"

पापा याकोवोसला वाट बघायला लावायचं नाही असं मी ठरवलं होतं. चावी एप्रनच्या खिशात घालून मीच गेले. तो जेवत होता, दाढीत मसूर अडकलेली.

"तोंड उघडायची काय गरज होती?" तो म्हणाला. "एवढी वर्षं कुणी विचारलं होतं?"

"शिसारी आली होती."

"कुणाची?"

"पहिली माझी. मग बाकीच्यांची. तुमचीही यादीत आहे."

त्यानं हात पुसून चावी घेतली आणि वहिनीला हाक मारली. ती एवढ्या पटकन आली की दाराआडच उभी असणार.

आता ती अकराला दार उघडते, तेही घरातल्या सपाता घालून आत जाते. पारस्केवीचा दिवा दोनदा विझलेला मी पाहिला. ईस्टरला डॉक्टरची बायको माझ्यापुढं उभी होती, तिच्या मानेवर पावडरीचा थर, आणि तिच्या मेणबत्तीचं मेण माझ्या बुटावर गळलं.

पेंबेचा फोन आला होता. डोळा कापला, दिसायला लागलं म्हणाली.

"काय दिसलं मग?"

"सुनेनं घर किती घाण ठेवलंय ते."

लोइझोसनं पाटी बदलली. आता तो खरं सांगतो, पण त्याच्या पद्धतीनं. त्याच्या गोष्टीत मी रडत चर्चमध्ये धावते, पाऊस पडत असतो, आणि पेंबे गुडघे टेकून पारस्केवीला हात जोडते. पाऊस नव्हता. मी रडले नव्हते. पेंबे पूर्ण वेळ शिव्या देत होती. मी त्याला सांगितलं तर म्हणतो, "आई, लोकांना थोडं गोड लागतं."

तो बसवाल्यांना माझ्या फाटकापर्यंत आणतो, सुरीवाली आई दाखवायला. मागच्या शुक्रवारी त्यांच्यातल्या एकीनं कठड्यावरून वाकून माझा डावा हात मागितला. हातातल्या भांड्यात ऑलिव्हचं खारं पाणी होतं, तेच तिच्या अंगावर फेकलं. तिनं तेही फोनमध्ये टिपून घेतलं.

चावीचा खिळा दाराशेजारी रिकामा होता. आता मी त्यावर लसणाची माळ टांगलीय.