सासूबाईंनी उच्चारलेला शब्द

मोंझे गावच्या रेडिओवर चेलो बोलायला लागला की बाजारात घासाघीस थांबायची, इतकी त्याची जीभ तिखट. पण त्या मंगळवारी सकाळी ती टाळ्याला चिकटली.

नदीकाठच्या गावांत कॉलरा शिरला होता. दवाखान्यातल्या नामूंगा सिस्टरांनी स्टुडिओत येऊन त्याच्यापुढे वाचायचा कागद सरकवला. आतडी, जंतू, उलटी, हगवण, सगळं त्यात होतं. आता तोंगा लोकांत जावई सासूसमोर घाससुद्धा घेत नाही, मग असले शब्द तिच्या कानावर कसे घालणार? आणि चेलोच्या सासूबाई, बिना लुयांदो, म्हणजे त्याच्या बायकोची, लुयांदोची आई, त्याचा एकही कार्यक्रम चुकवत नसत.

"मंडळी," चेलो घसा खाकरून म्हणाला, "सध्या काहींचं पोट... जरा फिरतीवर असतं."

सिस्टरांनी कपाळाला हात लावला. लगेच एका म्हाताऱ्याचा फोन आला. "पोट सुटलंय म्हणतोस? माझं तर दहा वर्षांपूर्वीच सुटलं! बिअर बंद करू का?"

"तसं नाही काका. म्हणजे आतले पाहुणे घाईनं निघतात..."

"कुणाकडचे पाहुणे?"

दुसरा फोन वाजला आणि तो आवाज ऐकून चेलो खुर्चीतून उठून उभा राहिला. सासूबाई! रीतीप्रमाणे त्यांनी जावयाशी थेट बोलणं शक्यच नव्हतं, म्हणून त्या सिस्टरांशी बोलल्या.

"सिस्टर, तुमच्या शेजारच्या माणसाला म्हणावं, गप्प बस. मी सहा पोरांचे लंगोट धुतलेत, मला कसली लाज? बायांनो, ऐका! तांदळाच्या धुवणासारखी पांढुरकी हगवण लागली की तो कॉलरा. पाण्यातून जंतू पोटात जातात. पाणी उकळून प्या, हात साबणानं धुवा. माणूस आजारी पडला तर त्याला मीठसाखरेचं पाणी पाजत पाजत दवाखान्यात न्या. आणि सिस्टर, त्याला सांगा, आता नीट वाच!"

चेलोनं कागद समोर धरला आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सगळं खणखणीत वाचलं. 'हगवण' तर तीनदा.

संध्याकाळपर्यंत दवाखान्याच्या दारात चार बैलगाड्या लागल्या. चारही आजारी माणसं वेळेवर आली होती, चारही वाचली.

शनिवारी लुयांदो माहेरून आली ती मक्याच्या आंबट पेयानं भरलेला वाळका भोपळा घेऊन. "आईनं तुझ्यासाठी पाठवलंय. म्हणाली, आवाज छान आहे त्याचा. फक्त जंतूंना एवढा मान देऊ नको म्हणावं."