भीमराजच्या घरी गेलेली सिरिंज

मी काचेची सिरिंज बोलतेय. भोसरीतल्या एका लहान दवाखान्यात मला उकळत्या पाण्यातून काढून स्टीलच्या डबीत ठेवत. मला बघितलं की माणसं तोंड फिरवतात. माझ्याशी कुणी बोलत नाही.

एकाहत्तर साली कारखान्याच्या प्रेसमध्ये हात चेंगरलेला भीमराज आला. त्याला चौघांनी धरलं होतं. नर्स सुमनताईंनी माझ्यात पेथिडिन, म्हणजे अफूसारखं वेदना शमवणारं औषध, भरून टोचलं. हळूहळू त्याचं ओरडणं थांबलं. बायकोला, प्रभावतीला, तो म्हणाला, "आता बरं वाटतंय गं." तेव्हा मला माझाच अभिमान वाटला.

जखम भरली, तरी भीमराज येतच राहिला. "लई ठणकतंय, ताई."

"हात बरा झालाय, भीमराज," सुमनताई म्हणाल्या. "तुला आता औषधाचीच ओढ लागलीय." त्यांनी साफ नकार दिला.

मग तो पुण्यातून कुठूनतरी औषध मिळवून स्वतःच टोचून घेऊ लागला. एका दुपारी त्यावर झोपेच्या गोळ्याही घेतल्या. दोन्ही मिळून श्वास मंदावतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. ओठ निळे पडलेल्या नवऱ्याला प्रभावतीने टेम्पोत घालून दवाखान्यात आणलं. "श्वास घ्या, अवो, श्वास घ्या!" ती त्याला गदागदा हलवत होती. डॉक्टरांनी त्याला वाचवलं.

पुढचं मला गिरजाबाईंच्या बोलण्यातून कळलं. त्या दवाखान्यात झाडलोट करायच्या आणि दिघीला भीमराजच्या शेजारी राहायच्या. औषध सुटताना त्याला घाम फुटायचा, उलट्या व्हायच्या, पाय मोडून आल्यासारखे दुखायचे. तो बाहेर पळू नये म्हणून प्रभावती दाराला पाठ लावून बसायची. औषध सुटलं. तो पुन्हा कामाला लागला.

काही वर्षांनी प्रभावतीलाच कॅन्सर झाला. दुखणं गोळ्यांना ऐकेना. डॉक्टरांनी तेच पेथिडिन लिहून दिलं. सुमनताई मला घेऊन रोज तिच्या घरी जायच्या. आम्ही पोचलो की भीमराज अंगणात जाऊन उभा राहायचा.

एक दिवस सुमनताई तापाने अंथरुणाला खिळल्या आणि डॉक्टर परगावी होते. ताईंनी औषध आणि माझी डबी गिरजाबाईंच्या हाती दिली.

"पण टोचणार कोण?" गिरजाबाईंनी विचारलं.

"भीमराजला येतं," ताई म्हणाल्या.

गिरजाबाई मला घेऊन पोचल्या तेव्हा प्रभावती उशी दातांत धरून कण्हत होती. भीमराजने माझ्यात औषध भरलं आणि तो तसाच थांबला. त्याच्या कपाळावर घाम आला. मला वाटलं, आता हा मला घेऊन बाहेर जाणार. गिरजाबाई संकोचून उठल्या.

"मावशी, जाऊ नका," तो म्हणाला. "हितंच बसा. माझ्या हाताकडं बघत ऱ्हावा."

त्याने शेवटच्या थेंबापर्यंत सगळं औषध प्रभावतीला दिलं.

"झालं?" ती पुटपुटली.

"व्हय. दुखलं का?"

"न्हाई." तिने त्याचा तोच हात गालाखाली घेतला आणि तिला झोप लागली.

त्या महिन्यातच प्रभावती गेली.

आता प्लास्टिकच्या सिरिंजा येऊ लागल्यात. मी दवाखान्याच्या कपाटात, बंद डबीत पडून असते. भीमराजचं कसं चाललंय, ते मला सांगायला कुणी येत नाही. एवढंच मागते: कळवळणाऱ्या माणसाला औषध नाकारू नका. पण त्याला औषधाजवळ एकटंही सोडू नका.