ओकिंगाबाईंचा फोन नंबर

मित्रांनो, माझा पत्ता आधी सांगितला तर तुम्ही नाक मुरडाल, म्हणून आधी नाव सांगते. मी एक जुनी वाढदिवसांची दिनदर्शिका आहे. माझ्यावर वार नाहीत, साल नाही, सण नाहीत. बारा पानं, पानभर तारखा, प्रत्येक तारखेपुढे थोडी कोरी जागा आणि त्या जागेत कुणाचं तरी नाव. त्यामुळे मी कधी शिळी होत नाही. पत्ता म्हणाल तर संडास. हसलात ना? हसा, हसा. आमच्या फ्रिसलंड प्रांतात आम्हा दिनदर्शिकांना घरोघरी हीच जागा मिळते, बसणाऱ्याच्या थेट डोळ्यांसमोर. माणूस सगळं विसरेल, पण तिथं जायचं विसरत नाही. आणि कुणाचा वाढदिवस विसरण्याइतका मोठा दुसरा गुन्हा आमच्याकडे नाही.

स्नेक गावच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. जाड कागद, वर तारेची गुंडाळी, प्रत्येक पानावर शिडाच्या होडीचं चित्र. डाउत्सन मावशीनं मला विकत घेतलं, खिळ्याला टांगलं आणि शाईच्या पेनानं माझ्यावर नावं भरायला सुरुवात केली. प्रत्येक नावापुढे फोन नंबरही लिहायचा, ही तिची पद्धत. संडासातून बाहेर आलं की लगेच फोन लावायचा, उद्यावर ढकलायचं नाही.

ही डाउत्सन कुणाची सख्खी मावशी नव्हती, तिला स्वतःचं मूल नव्हतं. पण ज्या मुलांचे आईबाप आजारी असतात किंवा ज्यांच्या घरी धड चाललेलं नसतं, अशी मुलं सरकारी माणसं तिच्याकडे सांभाळायला आणून सोडत. कुणी तीन महिने राहायचं, कुणी सात वर्षं. मावशी प्रत्येकाची एक वही लॅपटॉपवर तयार करायची. पोर आलं तेव्हा अंगात कुठले कपडे होते, पहिला दात कधी पडला, कशाला घाबरायचं, कुणी भेटायला आलं, सगळं फोटोंसकट. मूल अठराचं झालं की ती वही छापून, शिवून त्याच्या हातात द्यायची. "लहानपणी मी कुठं होते, असं विचारायला त्यांना कुणी नसतं," ती म्हणायची. "मग निदान वाचायला तरी असू दे."

नऊ वर्षांपूर्वी शेजारच्या गावात अशाच एका बाईंचा लॅपटॉप गाडीची काच फोडून चोरीला गेला. मुलांचे फोटो, नावं, पत्ते, सगळं उघडं पडलं. ज्या बापापासून पोरीला लपवून ठेवलं होतं, त्याच्या हातात तिचा नवा पत्ता गेला. पोलीस वेळेवर पोचले म्हणून निभावलं. मावशी ही बातमी फोनवर ऐकत होती, तेव्हा दार उघडं होतं आणि मला तिचा चेहरा दिसत होता. पांढराफटक.

दुसऱ्याच दिवशी तिनं लॅपटॉपला कुलूप घातलं. दाराला घालतात तसलं नव्हे. एक सॉफ्टवेअर असतं, ते डिस्कवरचं अक्षर न् अक्षर असं कालवून टाकतं की किल्ली नसलेल्याला नुसता भुगा दिसावा. एन्क्रिप्शन म्हणतात त्याला. रोजच्या कामाला मावशीचा नेहमीचा पासवर्ड पुरत होता. पण शेवटी पडद्यावर अठ्ठेचाळीस आकडे आले, सहा-सहाचे आठ गट, आणि खाली सूचना: मशीनमध्ये काही मोठा बदल झाला तर ही किल्ली मागितली जाईल. कागदावर लिहून लॅपटॉपपासून दूर ठेवा. हरवलीत तर आम्हीही काही करू शकणार नाही.

मावशीनं मला खिळ्यावरून काढून स्वयंपाकघराच्या टेबलावर आणलं. नऊ वर्षांपूर्वी आमच्या भागात घरच्या फोनचे नंबर सहा आकडीच होते, आजही आहेत. तिनं आठ माणसं मनानं निर्माण केली. जानेवारीत एक हार्क्ये काका, मार्चमध्ये एक दातांचे डॉक्टर, असं करत करत नोव्हेंबरच्या सतरा तारखेला ओकिंगाबाई. प्रत्येकापुढे सहा आकडे. वर्षाच्या क्रमानं वाचत गेलं की किल्ली तयार. "चोर सगळीकडे शोधेल," ती मला म्हणाली, "पण संडासात बसून वाढदिवस वाचणार नाही."

मला धक्काच बसला, मित्रांनो. आयुष्यभर खरी माणसं अंगावर वागवली, आणि आता ही आठ खोटी! पण अभिमानही वाटला. घरातल्या सगळ्या मुलांचं लहानपण माझ्या भरवशावर होतं.

ओकिंगाबाईंना सतरा नोव्हेंबरच का मिळाली? त्या तारखेला आधीच एक नाव होतं, रिन्स्केचं, आणि त्याखाली जागा होती, एवढंच कारण. रिन्स्के चार वर्षांची असताना आमच्याकडे आली. किल्ली लिहिली तेव्हा ती नऊची होती. दर नोव्हेंबरात ती माझ्यासमोर पाय हलवत तासन्‌तास बसायची, ओठ पुटपुटायचे. मला वाटायचं, स्वतःचं नाव वाचतेय. एकदा तिनं दार किलकिलं करून हाक मारली.

"मावशी, ह्या ओकिंगाबाई कोण?"

मावशी गडबडली. "आहेत गं, जुन्या ओळखीच्या."

"मग त्या कधी येत का नाहीत? त्यांना केक कोण देतं?"

"देत असेल कुणीतरी. हात धू आणि बाहेर ये."

रिन्स्के तेरा वर्षांची झाली आणि सरकारी माणसांनी तिला झ्वोल्ले शहरात दुसऱ्या घरी पाठवलं. ती आमच्याकडे असताना तिची आई अधूनमधून रविवारी भेटायला यायची, आमच्या बागेत दोघी बसायच्या. रिन्स्के गेली त्याच्या पुढच्याच वर्षी ती आई वारली. तिच्या भाड्याच्या खोलीतलं सामान कुणी कुठं टाकलं, कुणालाच माहीत नाही. रिन्स्केकडे आईचा एकही फोटो उरला नाही. जे होते ते मावशीच्या लॅपटॉपवर होते. यंदा पोरीनं पत्रात लिहिलं होतं, "अठरावा वाढदिवस शनिवारी आहे. मी वही न्यायला येते. आईचा चेहरा मला नीट आठवेनासा झालाय."

आता माझ्या विटंबनेची गोष्ट सांगते. मावशीची धाकटी बहीण आफके. बाई मनानं चांगली, पण आयुष्य वाचनालयात पुस्तकांना क्रमांक चिकटवण्यात गेलेलं, त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू हिला जागेवर दिसत नाही. नोव्हेंबरच्या दोन तारखेला मावशीचा वाढदिवस. सगळे गोल करून बसले, कॉफी झाली, गुलाबी साखरेचा ओरान्येकूक केक कापून झाला. आफकेनं कागदात गुंडाळलेली भेट पुढे केली. नवी कोरी दिनदर्शिका, फुलपाखरांची. आदल्या आठवड्यात माझ्यावरून सगळी नावंही उतरवून आणल्याचं तिनं सांगितलं. मावशीनं तिथल्या तिथं आभार मानले, पानं उलटून पाहिली नाहीत. पाहुण्यांची वर्दळ होती. संध्याकाळी आफकेनं स्वतःच मला उतरवलं, नवी टांगली आणि मला शेडमध्ये रद्दीच्या पेटीत टाकलं. गावातलं बँड पथक महिन्यातून एकदा शनिवारी येऊन रद्दी नेतं, ती विकून आलेल्या पैशातून पिपाण्या घेतात. माझ्या नशिबी शेवटी पिपाणी होणं आलं, असं मी धरून चालले.

पंधरा तारखेला, गुरुवारी, शेडचं दार धाडकन उघडलं. मावशीच्या अंगात घरातलाच झगा होता, पायात एकच चप्पल. लॅपटॉप आठवडाभर दुरुस्तीला होता. मदरबोर्ड गेला होता, दुकानदारानं दुसरा बसवला. घरी आणून सुरू केला तर निळा पडदा: किल्ली टाका. मावशी मुळीच घाबरली नव्हती. शांतपणे संडासात गेली. समोर फुलपाखरं. जानेवारी उलटला, हार्क्ये काका नाहीत. मार्चमध्ये दातांचे डॉक्टर नाहीत. मग ती तशीच शेडकडे धावली, असं ती नंतर सांगत होती.

जाहिरातींच्या ढिगाखालून तिनं मला ओढून काढलं, उराशी धरलं. पेटी अजून भरलेली होती म्हणून मी वाचले. मी म्हटलं, सुटले. मग तिनं पानं मोजली. अकरा.

नोव्हेंबर नव्हता.

तेवढ्यात फोन करून बोलावलेली आफके सायकलवरून धापा टाकत आली.

"तू ती आठ माणसं का गाळलीस?" मावशीनं विचारलं. आवाज अगदी हळू होता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"कारण मी त्यांना ओळखत नाही! वीस वर्षं तुझ्या वाढदिवसाला येतेय, त्यातलं एक माणूस कधी दिसलंय का? न येणाऱ्यांना भिंतीवर कशाला पोसायचं?"

"ती माणसं नव्हती, आफके. तो लॅपटॉपचा नंबर होता."

आफके मटकन रद्दीच्या गठ्ठ्यावर बसली. "मग मला सांगायचं नाही का?"

"कुणालाच सांगायचं नव्हतं, म्हणून तर तिथं लिहिला. नोव्हेंबरचं पान कुठाय?"

आफकेचा हात तोंडावर गेला. डेलियाचे कंद थंडीसाठी काढून ठेवले होते. जाड कागद चांगला, म्हणून वरचंच पान फाडून तिनं चार कंद त्यात गुंडाळले होते. दोघी सायकली दामटत तिच्या घरी गेल्या आणि ते पान घेऊन आल्या. माझंच पान, आणि मला ओळखू येईना. चिखल, ओल. रिन्स्केचं नाव तेवढं शिसपेन्सिलीचं, तिनंच लहानपणी गिरवलेलं, ते शाबूत होतं. त्याखाली शाईचा एक निळा डाग. ओकिंगाबाई पुसून गेल्या होत्या.

सात गट हातात होते, पण सातांचा उपयोग शून्य. दोघी बहिणी शुक्रवारभर त्या डागावर भिंग धरून बसल्या. दिव्याखाली धरला, काचेवर धरला. "हा पाच असेल." "तीनही असेल." टाकला, पडद्यानं नाकारला. पुन्हा टाकला, पुन्हा नाकारला. मावशी एकदाच बोलली, "मीच कुलूप घातलं आणि मीच त्या पोरीच्या आईला आत कोंडलं." आफके भांडी घासत होती, ती स्वच्छ भांडी परत घासायला लागली.

शनिवारी अकरा वाजता रिन्स्के आली. उंच झाली होती, केस कापले होते. आमच्याकडे वाढदिवसाला घरच्यांचंही अभिनंदन करतात, त्या रीतीप्रमाणे मावशीनं तिचं अभिनंदन केलं, आफकेनं मावशीचं अभिनंदन केलं, कुणाच्याही चेहऱ्यावर आनंद नव्हता. पोरीनं टेबलाकडे पाहिलं. वही नव्हती. मी होते, पानं उघडलेली, आणि तो निळा पडदा होता.

मावशीनं तिला काहीही न लपवता सगळं सांगितलं. आठ माणसं, सहा आकडे, डेलियाचे कंद, सगळं. आफके म्हणाली, "चूक माझी आहे, पोरी. शिव्या घालायच्या तर मला घाल."

रिन्स्केनं शिव्या घातल्या नाहीत. तिनं ते डागलेलं पान जवळ ओढलं.

"म्हणजे ओकिंगाबाई नव्हत्याच?"

"नव्हत्या गं."

"कधीच?"

"कधीच नव्हत्या."

पोरगी खुर्चीवर बसली. तिचा चेहरा बघून मला वाटलं, आता रडेल. ती म्हणाली, "मी त्यांना दर वर्षी फोन करते."

आफके हातातलं भिंग खाली ठेवून तिच्याकडे वळली.

"आमचा वाढदिवस एकाच दिवशी ना. त्यांना भेटायला कुणी येत नाही, म्हटलं, निदान मी तरी शुभेच्छा द्याव्यात. नऊ वर्षांची होते तेव्हापासून. दर वेळी तेच, हा क्रमांक अस्तित्वात नाही. मला वाटायचं, केक आणायला बाहेर गेल्या असतील. मोठी झाले तशी वाटायला लागलं, वारल्या असतील. तरी लावायचे. झ्वोल्लेहूनही लावला, गेल्या वर्षीसुद्धा."

आफकेनं कसंबसं विचारलं, "म्हणजे तुला नंबर..."

"पाच, एक, चार, दोन, आठ, तीन," रिन्स्के म्हणाली, पाढा म्हणावा तशी.

मावशीनं आठही गट क्रमानं वाचले, आफकेनं टाकले. निळा पडदा गेला. आणि मी, मित्रांनो, इतकी वर्षं त्या पोरीचे पुटपुटणारे ओठ समोर बघत होते, मला कधी कळलं नाही. तो धक्का अजून माझ्या तारेत आहे.

पहिलाच फोटो बागेतला निघाला. पिवळा रेनकोट घातलेली एक बाई, मांडीवर पाच वर्षांची रिन्स्के, दोघींच्या ओठांवर साखर. रिन्स्केनं पडद्याला हात लावला. "हिच्या नाकावर तीळ होता," ती म्हणाली. "मी विसरले होते." मग मात्र ती रडली, आणि मावशीनं तिला जवळ घेतलं. आफकेनं केक कापला. माणसं तीन, तुकडे चार झाले. चौथा कुणासाठी, हे कुणी विचारलं नाही, रिन्स्केनं तो बशीत घालून बाजूला ठेवला.

त्याच दुपारी मावशीनं किल्ली बदलली, कारण मोठ्यानं बोललेली किल्ली ही किल्ली राहत नाही. नवी आता दोन ठिकाणी आहे, एक तिच्याकडे, एक आफकेकडे पाकिटात, सील लावून. माझ्या अंगावरचे आठही नंबर आता काहीच उघडत नाहीत. रिन्स्केनं मला मागून घेतलं. झ्वोल्लेला तिच्या खोलीशेजारी, माझ्या नेहमीच्याच जागी मी लटकते आहे, नोव्हेंबर चिकटपट्टीनं जोडलेला.

मित्रांनो, आपल्या माणसांच्या गोष्टींना कुलूप जरूर घाला, पण किल्ली एकट्यानं उराशी बाळगू नका, दुसऱ्या एका भरवशाच्या माणसाला सांगा. आणि जुनं काही फेकण्याआधी ज्याचं आहे त्याला एकदा विचारा. डागावर आता रिन्स्केनं पेन्सिलीनं पुन्हा लिहिलंय, ओकिंगाबाई. पुढे नंबर नाही. लिहिताना ती म्हणाली, "असू देत, मला त्यांची सवय झालीय."