पोटातलं परकं पाणी

या, सरकून बसा, धूर तिकडे जातोय. सोआतियानाची गोष्ट सांगते. ऐकून उठाल तेव्हा एखाद्या बंद दारालाही हात जोडाल.

आंबोंद्रोच्या तळ्यावर मासेमार गरुडाची एकच मादी उरली होती. नर वादळात गेला, तेव्हापासून गाव तिला विधवाबाई म्हणे. दर साली ती घरटं रचायची आणि रिकाम्या घरट्यावर बसून राहायची. उत्तरेकडच्या तळ्यावरून तिच्यासाठी नर आणायचं ठरलं, तेव्हा बायकांनी लग्नाची गाणी धरली. सगळ्यांत वरचा सूर सोआतियानाचा. ती गावचीच लेक, शिकून जनावरांची डॉक्टर झालेली आणि याच कामावर नेमलेली.

नवरदेव पिंजऱ्यातून आला. तिने त्याची शीट भिंगाच्या काचेखाली धरली आणि गाणं अर्ध्यावरच सोडलं. जंतांची अंडी होती, तिकडच्या पाण्यातल्या जंतांची. आपल्या तळ्यात ही जात तिला कधी दिसली नव्हती.

नर आणायच्या योजनेचे प्रमुख रात्सिम्बासाहेब सोहळ्यासाठी पाहुणे घेऊन राजधानीहून आले होते. ते हसले.

"अहो बाई, रानातल्या कुठल्या पाखराच्या पोटात जंत नसतात? माझ्याही असतील."

"तुमचे तुमच्यापाशी राहू द्या, साहेब. याची अंडी पाण्यात पडली की गोगलगायीत शिरणार, तिथून माशांत, माशांतून विधवाबाईच्या पोटात. याचं त्या जंतांशी जन्मापासून जमलंय. तिचं जमेल याची हमी कोण देणार? आधी औषध, मग तपासणी. तोवर दार उघडायचं नाही."

"आणि काठावर बसलेल्या पाहुण्यांना काय सांगू? नवरदेवाचं पोट बिघडलंय?"

"खरं तेच सांगा."

साहेबांचं हसू मावळलं. "बाजूला व्हा, नाहीतर उद्यापासून कामावर येऊ नका."

"मग आजचा दिवस तरी माझा आहे," असं म्हणून तिने अंगावरचा कपडा कमरेला खोचला आणि पिंजऱ्याच्या दाराला पाठ लावून खाली बसली.

गाणी थांबली. बायका कुजबुजू लागल्या. तळ्याचे राखणदार वेलोंजारा, तिचे सख्खे मामा, पूर्वजांसाठी पाण्यात सोडायचा मध हातात घेऊन पुढे आले.

"ऊठ पोरी. लग्नात अशी आडवी येऊ नकोस. विधवाबाई म्हातारी होत चाललीय. हा मोसम गेला, तर पुढचा तिला मिळेल का?"

हे तिला लागलं. साहेबांचं बोलणं लागलं नव्हतं, हे लागलं. तरी ती उठली नाही.

"मामा, डुकराचं मांस खाऊन आलेल्याला तुम्ही तळ्यात पाय घालू देता?"

"माझ्या बापालाही घालू दिला नसता."

"का? तो माणूस वाईट असतो म्हणून?"

"वाईट कशाला? पूर्वजांची मनाई आहे. पोटातलं उतरेपर्यंत त्याने तळ्याच्या हद्दीवरच्या चिंचेच्या पलीकडे थांबायचं. मग ये म्हणावं, घर तुझंच आहे."

"मग याच्या पोटातही परकं आहे, मामा. मी डोळ्यांनी पाहिलंय."

रात्सिम्बासाहेब वैतागले. "अहो आजोबा, गरुड कधी डुक्कर खातो का?"

मामांनी मधाचं भांडं खाली ठेवलं. "ते राहू द्या. काल तुम्ही काय जेवलात, साहेब?"

काल वाटेत साहेबांनी डुकराचं मांस खाल्लं होतं, हे गावाला ठाऊक होतं. मागे बायकांत खसखस पिकली.

"मग दोघेही चिंचेच्या पलीकडेच," मामा म्हणाले.

राखणदाराचा शब्द मोडता येईना, तेव्हा साहेब आले त्याच गाडीने परत गेले आणि जाता जाता तिची नोकरीही घेऊन गेले. गरुड राहिला. चिंचेपलीकडे गावाने त्याला मोठं खुराडं बांधून दिलं, खाली खोल खड्डा केला, शीट रोज जाळायची म्हणून. सोआतियाना स्वतःच औषध देते. शहरातल्या मैत्रिणीकडे नमुना धाडते. अंडी कमी झालीत, संपलेली नाहीत.

आता विधवाबाईच चिंचेवर येऊन बसते आणि हाका मारते. आतून तो पंख आपटत उत्तर देतो. ऐकणाऱ्याचं काळीज हलतं. बायका म्हणतात, "उघड गं बाई, देव बघून घेईल." सोआतियाना दाराला पाठ लावून म्हणते, "देवाने बघायलाच मला बसवलंय," आणि प्रार्थनाघरातलं उपदेशाचं गाणं मोठ्याने म्हणू लागते. पाखरांच्या हाकांवर आवाज चढवून म्हणते. कडी तिच्या मुठीत असते.

आज रात्री देवापुढे बसाल, तेव्हा तिची आठवण काढा. कडी धरून तिचा हात दुखत असेल.