फ्री साइजची नऊवारी

मी एक जुनी नऊवारी साडी आहे. मित्रांनो, ‘जुनी’ म्हटल्यावर तुम्हाला ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा वास आठवेल, पण मी तशी नाही. माझं वय जेमतेम तीन वर्षं. काही कपडे वापरून वापरून जुने होतात आणि काही एका दिवसात होतात. माझा तो दिवस चैत्रातला होता.

मी शिवलेली नऊवारी. मला नेसावं लागत नाही. निऱ्या, काष्टा सगळं आधीच शिवून ठेवलेलं. पायजम्यासारखी चढवायची, नाडी ओढायची, पदर खांद्यावर टाकायचा, की झालं. रंग माझा गडद जांभळा, काठ हिरवे. जरीचं काही विचारू नका. ती प्लॅस्टिकची आहे आणि टोचते.

माझा जन्म इंदूरपासून खूप दूर एका कारखान्यात झाला. तिथे एका टेबलावर साठ थर कापड एकावर एक रचायचे आणि मशीन फिरवून एकदम कापायचे. माप कुणाचं घेतलं, असं तुम्ही विचाराल. कोपऱ्यात एक प्लॅस्टिकचा पुतळा उभा होता. त्याला ना पोट होतं, ना कधी बाळंतपण झालं होतं, ना कधी त्याने मांडी घातली होती. त्याच्या मापाने आम्ही साठ बहिणी जन्मलो. शिवणाऱ्या कारागिराने विचारलं, “मास्टरजी, अंदर थोडा कपडा छोडूं?” शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात, उसवून कपडा सैल करता यावा म्हणून, त्याबद्दल तो विचारत होता. मास्टर म्हणाला, “कपडा बचाओ.” कारागिराने मान खाली घालून टीप मारली. त्याची चूक मी मानत नाही.

गोदामात माझ्या शेजारी एक बहीण होती. ती टीव्हीवर जाऊन आलेली, म्हणून तिचा तोरा मोठा. पण एकदा तिने खरं सांगितलं. ती ज्या मुलीला घातली होती तिला ती ढगळ होत होती, म्हणून पाठीमागे कपडे वाळत घालायचे चिमटे लावून घट्ट केली. कॅमेरा पाठीमागे जात नाही. दिवे असे लावले की जरी सोन्यासारखी दिसावी. आणि बोलणारी बाई हसून सांगत होती, “शुद्ध रेशमासारखी. अठ्ठावीस कमर से चवालीस कमर तक, फ्री साइज, सबको आएगी.” यातला ‘सारखी’ हा शब्द ती फार हळू म्हणाली.

तो कार्यक्रम इंदूरच्या स्नेहलतागंजात, दुपारचा चहा घेताना, इंदुमतीताई बघत होत्या.

इंदुमतीताई शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. उंच, भरल्या अंगाच्या. लहानपणापासून त्यांनी एकच ऐकलं होतं: जपून बस, खुर्ची मोडेल, फोटोत मागे उभी राहा. त्या मागेच राहायला शिकल्या. जुनी इंदूर भागातल्या एका लहानशा राममंदिरात बाळकृष्णबुवा कीर्तन करत आणि इंदुमतीताई त्यांच्या मागे बसून पेटी वाजवत. बावीस वर्षं. बुवांची सगळी पदं, सगळी आख्यानं त्यांना पाठ होती, पण चारचौघांत त्या कधी उभ्या राहिल्या नव्हत्या.

मग बुवांच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज गेला, नुसती कुजबुज उरली. चैत्रातल्या उत्सवाला पंधरा दिवस होते. बुवांनी ताईंना बोलावून कुजबुजत सांगितलं, “यंदा तू उभी राहा. नाही राहिलीस तर आपल्या देवळातलं कीर्तन संपलं समज. बाहेरून बोलावलं तर आपल्याकडे कोण येतंय?”

त्या हो म्हणाल्या, आणि घरी येईपर्यंत घाबरून गेल्या. उभं राहायचं म्हणजे नऊवारी हवी, असं त्यांनीच मनाशी ठरवलं. नेसता येत नव्हती. सासूबाईंना यायची, त्या गेल्या आणि नेसणंही त्यांच्याबरोबर गेलं. म्हणून त्यांनी टीव्हीवरचा नंबर फिरवला.

मी चौथ्या दिवशी पोचले. देवापुढे ठेवून, मला हळदकुंकू लावून मग त्यांनी मला अंगावर घेतलं. मित्रांनो, इतक्या प्रेमाने मला कुणी हात लावला नव्हता, आणि मी मात्र त्यांच्या मांडीशी येऊन थांबले. वर जाईना. त्यांनी श्वास रोखला, पोट आत घेतलं. मीही जीव ताणला. पण जे माझ्यात नव्हतंच ते मी कुठून देणार?

त्यांनी फोन केला. पलीकडचा मुलगा मोठा नम्र होता.

“मॅडमजी, फ्री साइज है. सबको आती है.”

“भैया, मुझे नहीं आ रही है.”

“मॅडमजी, ऐसा है, कंप्लेंट तो किसी की नहीं आई. आप थोडा...”

ताईंनी फोन ठेवला. तो मुलगा पुढे काय बोलणार होता ते त्यांनी मनातल्या मनात पूर्ण केलं, आणि स्वतःवरच रागावल्या. त्या संध्याकाळी त्या जेवल्या नाहीत.

त्यांचे यजमान, शामराव, बाहेरच्या खोलीतून म्हणाले, “अगं, ती बदलून मिळतेय का बघ. आणि माझंही विचार. तीस वर्षं झाली, मीपण तुला नीट बसत नाहीये.”

“तुम्हाला परत कोण घेणार,” ताई म्हणाल्या, आणि थोडं हसल्या. मग त्यांनी एक्स्चेंजची विनंती केली. एक्सएल हवी.

मला न्यायला माणूस आला. मी पाच दिवस गोदामात पडून होते. मग कुणीतरी माझ्यावरची जुनी चिठ्ठी ओरबाडली, नवी चिकटवली आणि मला पुन्हा खोक्यात घातलं. खोकं उघडलं तेव्हा पुन्हा स्नेहलतागंजातलं तेच घर. चिठ्ठीवर लिहिलं होतं एक्सएल. पण माझ्या काठावर ताईंच्याच बोटाचं कुंकू अजून होतं.

शामराव ते कुंकू बघत म्हणाले, “ही तर आपलीच. माहेरपण करून आली.”

उत्सवाला एक दिवस उरला होता.

ताई मला घेऊन छत्रीबागेत लक्ष्मीताईंकडे गेल्या. लक्ष्मीताई म्हणजे गल्लीतल्या एका खोलीत लेडीज टेलरिंगचं काम करणारी बाई, तोंडाने फटकळ आणि हाताने मऊ. तिने मला उलटं केलं आणि कपाळाला हात लावला.

“ताई, यात आत कापडच नाही. क्या खोलूं मैं? मध्ये जोडकापडाची कळी घालू म्हटलं तर हे सुई धरत नाही, धागे सुटतात. ज्याने शिवली त्याला म्हणावं, एकदा अपनी मां को पहना के देख.”

“उद्याच आहे गं.”

“तर मग सहावारी नेसा. छान दिसता तुम्ही कॉटनच्या साडीत.”

“लोक काय म्हणतील? नारदाच्या गादीवर उभं राहायचं आणि...”

लक्ष्मीताईने मला मशीनवर घेतलं. जिथे जमलं तिथे दोन बोटं सैल केली, नाडीच्या जागी नवी लांब नाडी ओवली आणि बजावलं, “आत सुती सलवार घाला. आणि पाऊल जपून. उभ्या राहा, पण नाचू नका.”

न नाचता कीर्तन, मित्रांनो. तुम्ही कीर्तन ऐकलं असेल तर तुम्हाला कळेल. कीर्तनकाराच्या हातात चिपळ्या असतात, पण खरं कीर्तन पायांत असतं. गजर सुरू झाला की पाऊल आपोआप मागे-पुढे पडतं, त्याशिवाय नाम रंगत नाही. लक्ष्मीताईला ते माहीत होतं. ताईंनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता मंदिर भरलं. पेटीवर बुवांचा पुतण्या जयेश बसला. बुवा पहिल्या रांगेत, खांद्यावर पांढरं उपरणं. लक्ष्मीताई बायकांच्या पुढे. इंदुमतीताई उभ्या राहिल्या. मी त्यांच्या अंगावर इतकी घट्ट होते की मला त्यांच्या काळजाचे ठोके मोजता येत होते.

नमन झालं. पूर्वरंग सुरू झाला. आवाज गोड होता, शब्द चोख होते, पण ताई खांबासारख्या उभ्या. हात कोपरापुढे जात नव्हते. पाय हलत नव्हते. त्यांचं अर्धं लक्ष देवाकडे आणि अर्धं माझ्या शिवणीकडे. श्रोत्यांना हे लगेच कळतं. मागे कुजबुज सुरू झाली. एक माणूस मोबाइल बघू लागला. दोन बायका चप्पल शोधायला उठल्या. बुवा डोळे मिटून बसले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला वाटलं की हे कीर्तन आज इथेच संपणार, आणि ताई पुन्हा आयुष्यभर पेटीमागे जाऊन बसणार.

पाऊण तासाने गजर आला. जयेशने पेटीवर सूर चढवला, तबला दुगुनीत गेला, आणि रामनामाच्या दुसऱ्या आवर्तनाला ताई विसरल्या. स्वतःला विसरल्या, मला विसरल्या. पाऊल पुढे पडलं.

आणि मी फाटले. कमरेपासून गुडघ्यापर्यंत, एका आवाजात.

तबला थांबला. पेटीचा एक सूर तेवढा लांबत राहिला, मग तोही विझला. मला वाटलं, धरणीने मला पोटात घ्यावं. ताई हलल्या नाहीत. त्यांचे कान लाल झाले होते.

मग बाळकृष्णबुवा उठले. खांद्यावरचं उपरणं काढून त्यांनी पुढे धरलं. लक्ष्मीताई धावली, ते घेतलं, ताईंच्या कमरेभोवती गुंडाळून घट्ट गाठ मारली आणि कानात म्हणाली, “सलवार आहे ना आत. बस. बोला आता.”

ताईंनी सगळ्यांकडे पाहिलं. दारापाशी त्या दोन बायका चप्पल हातात घेऊन थांबल्या होत्या.

“मंडळी,” ताई म्हणाल्या, “टीव्हीवर सांगत होते, सबको आएगी.” थोडं थांबून म्हणाल्या, “नाही आली.”

आधी लक्ष्मीताई हसली, मग सगळं देऊळ हसलं. पण कुणी ताईंना हसलं नाही. दारातली एक बाई अस्सल इंदुरी बोलीत म्हणाली, “माझीपण कुर्ती तशीच निघाली भिया, एक बाही लांब, एक छोटी.” दुसरी म्हणाली, “माझा तर रंग पहिल्याच धुण्यात बालटीत उतरला.” हसणं ओसरलं तेव्हा ताईंनी चिपळ्या एकदा वाजवल्या.

“एक दृष्टांत सांगते. आज सांगायचा नव्हता, पण आठवला. एका गावात एक गरीब शिंपी होता. गर्दीत त्याला कुणी पुढे जाऊ देत नसे, म्हणून त्याने देव फक्त लांबून पाहिलेला. लांबून वस्तू लहान दिसते. त्याने अंदाजाने देवासाठी अंगरखा शिवला. पुजारी म्हणाला, हा तोकडा आहे, देव काय लहान मूल आहे? शिंपी पायरीवर बसून रडू लागला. पुजाऱ्याला दया आली. एकदा घालून तरी पाहू म्हणून त्याने अंगरखा मूर्तीला घातला. हात गेले. बंद बांधले गेले. पुजारी मागे सरकून बघतो तर काय, मूर्तीचे खांदे जरा आत आलेले. देवाने अंग चोरलं होतं. शिंप्याच्या प्रेमासाठी.”

ताईंनी चिपळ्या खाली केल्या.

“आता मला सांगा. मी पाऊण तास तुमच्यासमोर अंग चोरून उभी आहे. कुणाच्या प्रेमासाठी? ज्याने ही शिवली त्याने मला पाहिलं नाही, लांबूनसुद्धा नाही. त्याच्या मापात मावण्यासाठी मी श्वास रोखला, एक रात्र उपाशी राहिले. आणि ज्याने मला हे एवढं अंग दिलं, त्याच्यापुढे हात पसरायला मात्र मी घाबरले.” त्या पेटीकडे वळल्या. “जयेश, गजर पुन्हा घे.”

मित्रांनो, त्यानंतर काय झालं ते मी नीट सांगू शकत नाही, कारण मी चिंध्या होऊन हेलकावत होते. ताईंचे हात पूर्ण उघडले. पाऊल पडलं तेव्हा फरशी हलल्यासारखी वाटली. माझ्या शिवणी एकेक करून सुटत होत्या आणि मला त्याचं दुःख वाटत नव्हतं. त्या दोन बायका परत येऊन बसल्या. मोबाइलवाला माणूस टाळ्या वाजवत होता.

आरती झाली. आपल्याकडे रीत आहे, कीर्तन संपलं की लोक कीर्तनकाराच्या पाया पडतात, कारण त्या वेळी तो नारदाच्या गादीवर असतो. सगळ्यांच्या आधी बाळकृष्णबुवा पुढे आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे गुरू आपल्या शिष्येच्या पायांवर वाकले. ताई मागे सरकल्या, “बुवा, असं करू नका हो.”

“नमस्कार गादीला करतोय, तुला नाही,” बुवा कुजबुजले. मग उठता उठता माझ्याकडे बघून म्हणाले, “आणि तुला नऊवारी नेस असं मी कधी सांगितलं होतं?”

मी परत पाठवण्यासारखी राहिले नव्हते. वापरलेला माल घेत नाही, असं फोनवर सांगितलं गेलं, आणि त्यांचं बरोबरच होतं. शामराव मला फरशी पुसायच्या पोचाऱ्यासाठी काढणार होते. लक्ष्मीताईने मला त्यांच्या हातातून ओढून घेतलं. तिने आधी टेप काढली. पेटीची लांबी मोजली, रुंदी मोजली, भात्याची उंची मोजली, कडी कुठे येते तेसुद्धा पाहिलं. मग माझे चांगले तुकडे निवडून, आत जाड सुती अस्तर लावून, तिने माझी पेटीची गवसणी, म्हणजे खोळ, केली. शिवणीच्या आत तिने चार बोटं कापड ठेवलं. पेटीची वाढ होत नाही, पण तिची सवय तशी आहे.

म्हणून मित्रांनो, एवढंच सांगते. तुम्ही मोठे व्हाल, कुणी कपडे शिवाल, कुणी विकाल, कुणी टीव्हीवर बोलाल. ज्याच्यासाठी करायचं त्याला एकदा जवळून बघा. आणि कधी एखादा कपडा तुमच्या अंगाला बसला नाही, तर आरशापुढे उभं राहून स्वतःला बोल लावू नका. कपडा उलटा करा, शिवण बघा. आत जागाच ठेवलेली नसते बहुतेक वेळा. आम्हा कपड्यांचा त्यात दोष नाही, आणि तुमचाही नाही. फाटलो तर फेकू मात्र नका. आमच्यातूनही काही ना काही निघतं.

आता दर गुरुवारी जयेश माझे बंद सोडतो, मला घडी घालून खांबाशी ठेवतो आणि पेटीचा भाता उघडतो. इंदुमतीताई सुती सहावारीचा पदर कमरेला खोचतात आणि पुढे जाऊन उभ्या राहतात. जागा लागते त्यांना. पहिल्या रांगेतले लोक न सांगता दोन हात मागे सरकून बसतात.