गल्लीच्या तोंडाशी थांबलेली गाडी

“जपून ने गं. ओझं नाही ते, कुणाचं तरी जेवण आहे.”

कोठी सांभाळणाऱ्या काकांचे हे शब्द रोज सकाळी माझ्या कानावर पडत. काका आता नाहीत, पण पोते अंगावर आले की ते शब्द अजून ऐकू येतात.

मित्रांनो, मी एक जुनी ढकलगाडी आहे. एका अन्नपेढीत राबते. ज्याच्याकडे जास्तीचे आहे त्याने इथे आणून द्यावे आणि ज्याची चूल थंड आहे त्याच्या दारी ते पोचावे, एवढेच आमच्या पेढीचे काम.

एका मिस्त्रीने मोडक्या खाटेच्या नळ्या जोडून मला घडवले. “खाट होती तेव्हा नुसती पडून राहिली, आता चालू दे जराशी!” असे म्हणून तो खूप हसला होता.

माझ्या एका चाकाला कुरकुरायची खोड होती. ‘चिंव चिंव’ ऐकले की मुले ओरडत, “चिमणी आली!” मला त्याचे केवढे कौतुक वाटे! काका गेल्यावर मात्र मी कोपऱ्यात गंजत पडले. तेलाचा एक थेंब कुणी दिला नाही. शेवटी पिशव्या भरणाऱ्या मावशींनी मला बाहेर काढले. ऊन असो, गुडघे दुखोत, घरोघर जाण्याचा त्यांचा नेम कधी चुकला नाही.

शेवटचे घर शिंपीआजोबांचे. डोळे अधू झाले आणि त्यांचे शिवणयंत्र थांबले. एके दिवशी ते दार उघडेनात.

“आजोबा, पिशवी आणलीय.”

“नको. आम्ही जेवलो.”

“आम्ही म्हणजे कोण? तुम्ही आणि तुमची कात्री?”

आतून हसू आले नाही. दार किलकिले झाले. चूल गार होती, पातेली पालथी होती.

“तुझी गाडी आली की साऱ्या खिडक्या उघडतात,” आजोबा हळूच म्हणाले. “या गल्लीतल्या प्रत्येकाचे कपडे शिवलेत मी. आता माझं पोट रिकामं आहे, हे तुझ्या चाकाने त्यांना ओरडून सांगायचं?”

मावशींनी पिशवीतून एक पाव काढला. मग म्हणाल्या, “उद्या येते. कुणाला कळणार नाही, शब्द देते. आज निदान हा पाव तरी घ्या.”

“आधी उद्या येऊन दाखव,” म्हणत त्यांनी दार लावून घेतले. पाव मावशींच्या हातातच राहिला.

परत आल्यावर मिस्त्रीने मला तेल पाजले, ठोकले, पुन्हा पाजले. “चाकच झिजलंय हो,” तो म्हणाला. “हिचं तोंड बंद करणं आपल्या हातात नाही.”

ज्या आवाजाने मुले धावत येत, त्याच आवाजापायी एक म्हातारा उपाशी बसला होता. मित्रांनो, तेव्हा मला फार वाईट वाटले. म्हणून सांगते, जुन्या वस्तूंची वेळेवर काळजी घ्या. आणि कुणाला घास द्याल, तेव्हा त्याची मान खाली जाणार नाही, एवढे जपा.

दुसऱ्या सकाळी मावशींनी मला गल्लीच्या तोंडाशी, भिंतीच्या आडोशाला उभे केले.

“तू इथेच थांब हं, चिमणे.”

त्यांनी पिशवी शालीखाली घेतली. चपला काढून माझ्यावर ठेवल्या आणि अनवाणी, एकट्याच, गल्लीत चालू लागल्या.