मोड आलेली नाचणी

पहिला कागद. (हा मी फाडला.)

साहित्य: नाचणीचं पीठ दोन वाट्या. केळी तीन, सालीवर काळे ठिपके आलेली. काकवी अर्धी वाटी. बिया काढलेला खजूर, आठ. दही पाऊण वाटी. घरचं लोणी दोन चमचे. खायचा सोडा पाव चमचा. वेलदोडा घालू नये, तिला त्याचा वास चालत नाही.

"तिला" लिहिलं आणि पेन थांबलं.

निर्मला, तू हे वाचशील तेव्हा ती तुझ्याच घरात असेल. मग "ती" म्हणजे कोण हे सांगायची गरज नाही. तरी लिहिते. सौंदर्या, वय दोन वर्षं चार महिने, माझ्या अक्काची मुलगी. अक्का गेली तेव्हा ती चार महिन्यांची होती. नऊ दिवस ताप, दहाव्या दिवशी मी पोरीला मांडीवर घेतलं, ती अजून खाली ठेवलेली नाही.

कृती.

एक. नाचणी तीन पाण्यांत धुऊन रात्रभर भिजवावी.

दोन. सकाळी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधावी. दीड दिवसात पांढरे मोड येतात, सुईच्या टोकाएवढे. फडकं वाळू देऊ नये. मग सावलीत वाळवावी, मंद भाजावी, चोळून मोड पाखडावेत, दळावी, वस्त्रगाळ करावी. तीन दिवस जातात. या तीन दिवसांना पर्याय नाही. मोड न आणता केलेला केक कोरडा होतो, घशात बसतो, मागं कडवट लागतो. मोठ्या माणसाला कळत नाही. तिला कळतं. दहा महिन्यांची असताना तिनं दूध, पेज, वरणभात सगळं थुंकलं होतं, आणि या पिठाचा केलेला पहिला केक मात्र

इथं फाडला.

*

माझा धंदा तिच्या तोंडापासून सुरू झाला. आज कसबा बावड्यात आणि आसपास बावीस आया माझ्याकडून लहान मुलांच्या न्याहारीचे केक नेतात. साखर नाही, मैदा नाही, अंडं नाही. शेजारच्या बनाबाई म्हणतात, "मग त्याला केक कशाला म्हणतीस, भाकरी म्हण की." आणि जाताना नातवासाठी दोन घेऊन जातात. मोडाचं मी कुणालाच सांगितलेलं नाही, बनाबाईंनाही नाही. धंद्याचं गुपित असतं.

हे वाक्य मी त्या आठवड्यात स्वतःला पुष्कळदा सांगितलं.

अक्का गेल्यावर आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चार माणसांत दाजींना शब्द दिला होता: पोरगी चालती-बोलती होईपर्यंत आमच्याकडं, मग तुमची. ती चालायला लागून वर्ष झालं. बोलायचं म्हणाल तर सकाळी आण्णा पूजेला बसले की शेजारी बसून त्यांच्याआधी डोळे मिटते, आणि एक डोळा उघडून ओव्हनकडं बघत विचारते, "झालं?" दाजींनी वैशाखात दुसरं लग्न केलं. निपाणीत त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे, माणूस वाईट नाही. दर पंधरा दिवसांनी यायचे, पोरीसाठी काहीतरी आणायचे, तिनं त्यांना ओळखलं नाही तर हसायचे आणि चहा अर्धा ठेवून जायचे.

ते फोनवर म्हणाले, रविवारी येतो. आण्णा म्हणाले, या.

मी आण्णांशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तेच म्हणाले, "ती खाती ते सगळं लिहून दे. पोरीच्या पोटाचं हाय ते, हयगय करू नकोस."

मी लिहून दिलं.

*

दुसरा कागद. (हा दिला.)

नाचणीचं पीठ दोन वाट्या, बाजारचं चालेल. पिकलेली केळी तीन. काकवी अर्धी वाटी. खजूर आठ, भिजवून वाटलेला. दही पाऊण वाटी. लोणी दोन चमचे. खायचा सोडा पाव चमचा. सगळं कालवून स्टीलच्या वाट्यांना लोणी लावून त्यात घालावं. ओव्हन नसेल तर कुकर: शिट्टी आणि रिंग काढून तळाला मीठ, वर जाळी, त्यावर वाट्या. पाणी नको. मंद आचेवर अर्धा तास.

अक्षर चांगलं काढलं होतं. "बाजारचं चालेल" याच्याखाली रेघही ओढली, बाईला सोपं जावं म्हणून.

मला काय हवं होतं ते सरळ सांगते. ती तिथं खाणार नाही, आठ दिवस, फार तर पंधरा. मग दाजी म्हणतील, राहू दे हिला मावशीकडंच.

*

रविवार.

आमच्यात बायको गेलेल्या माणसानं दुसरं लग्न केलं की नवी बायको आधीच्या बाईच्या माहेरी येते, आणि ते माहेर तिला लेक म्हणून घेतं. तिची ओटी भरतात. आई नाही, म्हणून ओटी मला भरायची होती.

निर्मला सव्वीस वर्षांची असेल. हिरवी साडी, हातात कोपरापर्यंत बांगड्या, आणि गळ्यात, मणिमंगळसूत्राच्या शेजारी, अक्काच्या नावाचा छोटा चांदीचा टाक, नवी बायको गेलेलीच्या नावानं घालते तो. तो तिनं पदराखाली घेतला होता. पाटावर बसताना बाहेर आला. तिनं माझ्याकडं बघितलं आणि तो पुन्हा झाकला नाही.

मी तिच्या पदरात तांदूळ घातले. नारळ, हळकुंड, सुपारी, खण. आण्णा दारातून म्हणाले, "आता हीच आमची लेक." त्या सगळ्याच्या वर मी कागदाची घडी ठेवली.

"काय हाय हे, ताई?"

"तिच्या केकाची कृती."

तिनं घडी उघडली नाही. आधी कपाळाला लावली.

पोरगी गाडीत बसताना रडली नाही. तिला वाटलं, मीही बसणार आहे. दार लागलं तेव्हा तिनं सरकून माझ्यासाठी जागा केली होती.

*

सोमवार. अकरा केक, तीन घरं. एकही करपला नाही.

मंगळवार. दाजींचा फोन. थोडी किरकिर करते, म्हणाले. सवय होईल.

बुधवार. फोन नाही. बनाबाई येऊन बसल्या, म्हणाल्या, घर कसं रिकाम्या डब्यागत वाजतंय. मी त्यांना चहा दिला नाही.

गुरुवारी दुपारी पुन्हा दाजी. आवाज उतरलेला. चार दिवसांत तिनं घासभर काही खाल्लं नाही, म्हणाले. नुसतं पाणी आणि चार चमचे दूध. डॉक्टरनं वजन केलंय, कमी भरलंय. त्यांची आई म्हणते, सावत्र हाताचं पोरं खात नाहीत. मग म्हणाले, "शिवलीला, रविवारी आणून सोडतो तिला. तुझ्याकडंच राहू दे."

मी बरं म्हटलं. फोन ठेवला. दोन्ही हातांनी ओटा धरून उभी राहिले, आणि मला हसू आलं. ते तसंच लिहिते, कारण ते आलं. मग नाचणी काढली. तयार पिठाचा डबा जवळजवळ भरलेला असतानाही काढली. तीन पाणी. रविवारपर्यंत ताजं हवं होतं.

*

शुक्रवारी अकराच्या सुमाराला निर्मलाचा फोन आला. लग्नानंतर पहिल्यांदाच. तिनं कसं आहे वगैरे विचारलं नाही.

"ताई, माझ्या हाताचं काय चुकतंय ते सांगा."

मी म्हटलं, कशाचं?

तिनं सांगितलं. सोमवारपासून रोज केलं. पहिल्या दिवशी कुकर जास्त तापला असं वाटलं. दुसऱ्या दिवशी केळी बदलली. काकवी इकडची म्हणून नसेल आवडत, असं वाटून दिराला कोल्हापूरला पाठवून तिथली आणवली. आज पाचव्यांदा. उरलेले सगळे तिनंच खाल्ले, कुणाला दिसू नयेत म्हणून. सासूबाई बाहेर बसून ऐकू येईल असं बोलतात. हे सगळं ती घाईघाईनं बोलत होती, पाठ केल्यासारखं. मग सावकाश झाली.

"ती रडत न्हाय हो. रडली असती तर बरं. रोज सकाळी उठती आणि कुकरजवळ येऊन उभी राहती. अर्धा तास हलत न्हाय. झाकण काढलं की वास घेती. एक तुकडा तोंडात घालती, काढून माझ्या हातावर ठेवती. मग जाऊन कोपऱ्यात बसती. आणि दुसऱ्या दिवशी परत येऊन उभी. रोज तिला वाटतं, आज असंल."

माझ्यासमोर फडक्यात बांधलेली नाचणी होती. ओली, गच्च.

"रविवारी तुमी तिला घ्या," निर्मला म्हणाली. "माझं काय म्हणणं न्हाय. पण काय कमी पडलं तेवढं सांगा. नायतर मला जन्मभर कळायचं न्हाय."

काही कमी पडलं नाही, एवढं म्हणून मी फोन ठेवू शकले असते. ते अगदी जिभेवर होतं. रविवारी ती आली असती, माझ्या पिठाचे तीन केक एका वेळी खाल्ले असते, आणि सगळे म्हणाले असते, बघा, मावशीचा हात.

रोज सकाळी अर्धा तास. पाच सकाळी.

"निर्मला, पीठ बाजारचं चालत नाही."

"तुमी लिवलंय की चालतं. खाली रेघ मारलीया."

"मी खोटं लिहिलं."

तिकडं बांगड्या वाजल्या, तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला असावा.

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

"पाच दिवस, ताई," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "पाच दिवस पोरगी उपाशी हाय."

ती फोन ठेवेल असं वाटलं. दाजींना सांगेल, आण्णांना सांगेल, आणि सांगायलाच हवं होतं. खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. कसलं तरी कपाट उघडलं.

"सांगा," ती म्हणाली. "लिवून घेती."

*

तिसरा. (याला कागद नाही, माझ्याकडं तरी नाही.)

नाचणी तीन पाण्यांत धू.

व्हय.

रात्रभर भिजव. सकाळी उपसून फडक्यात बांध, घट्ट. फडकं वाळू देऊ नकोस.

किती येळ?

दीड दिवस. सुईच्या टोकाएवढे मोड आले की बास. मग सावलीत वाळव. उन्हात नको.

उन्हात न्हाय. मग?

मंद भाज. वास सुटेपर्यंत. चोळून पाखड, दळून आण, फडक्यातून गाळ.

म्हंजे तीन दिवस जाणार. आणि तवर?

तोवरचं माझ्याकडं तयार आहे. दीड किलो असेल. दुपारच्या निपाणी गाडीत कंडक्टरकडं डबा देते. तू स्टँडवर माणूस पाठव.

मीच जाती.

केळं हातानं कुस्कर, मिक्सरला लावू नकोस. तिला गाठी लागतात.

गाठी. बरं.

वाटीतून लगेच काढू नकोस. गार होऊ दे. ती घाई करेल, हात पुढं करेल. तेव्हा

तेव्हा काय, ताई?

तेव्हा तिच्याशी बोलत राहायचं. काहीही. मी भांड्यांची नावं सांगायची. तुला जमेल ते सांग.

ती लिहीत होती. पेन कागदावर घासल्याचं ऐकू येत होतं. मग तिनं विचारलं, रविवारी येऊ का आम्ही तिला घेऊन? हे विचारताना ती थांबत थांबत बोलली. मला कळलं की ती आता नको म्हणायला मोकळी होती, आणि तरी विचारत होती.

"नको," मी म्हटलं. "खायला लागली की दोन महिने इकडं आणू नका. आणलीत तर परत पहिल्यापासून."

"आण्णांना काय सांगू?"

"मी सांगते. सगळं मीच सांगते."

मागून पावलं वाजली. छोटी, अनवाणी, फरशीवरची. निर्मला फोन बाजूला धरून काहीतरी हळू म्हणाली, आणि मग मला म्हणाली, "ही हितंच हाय. देऊ का तिच्याकडं? दोन शब्द बोला."

मी म्हटलं, गॅसवर दूध आहे, उतू जाईल, आणि फोन बंद केला.

गॅसवर काही नव्हतं.